बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा

४ ऑक्टोबर

आजपासून लिहून ठेवणार आहे. बाहेरच्या शत्रूचं लिहावं लागत नाही, तो समोर येऊन शिव्या देतो. घरातला शत्रू 'बाबा, पाणी आणू का' म्हणत येतो. त्याचं रोजच्या रोज टिपून ठेवलेलं बरं.

झालं ते असं. उजव्या कुशीत काही दिवस जडपणा आहे, अंगाला खाज सुटते. वजदी, माझा थोरला, काल मला मन्सुऱ्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. रक्त काढलं, यंत्रात घातलं. मग डॉक्टर राउफ म्हणून एक पोरगेला माणूस आला. त्यानं मला आडवं केलं आणि पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टकटक केली. मी लाकूड अस्संच वाजवून घेतो. आमच्या दुम्यातच्या बंदरात बीचचं लाकूड उतरतं तेव्हा बाकीचे कागद बघतात, मी फळीवर बोट वाजवतो. माझ्याच पोटाचा आवाज ऐकून मी म्हटलं, "डॉक्टर, हे लाकूड ओलं आहे. अजून एक उन्हाळा वाळू दे."

तो हसला नाही. आमच्या गावाबाहेर लोकांना विनोद कळत नाही.

उलट त्यानं विचारलं, "हाजी तुल्बा, आज तारीख काय?" तारीख! मला! ज्याच्या फर्निचरच्या कारखान्यातले वीस कारागीर तारखेला मजुरी घेतात त्याला! मग म्हणाला, दोन्ही हात पुढे करा, पंजे उभे धरा. ट्रॅफिकच्या पोलिसासारखा बसलो.

आणि मग वजदी म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा. मी औषधांचं विचारून येतो."

बाहेर बसलो. करवतीच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं म्हणून लोकांना वाटतं मी बहिरा. वाटू दे. त्या दाराआडून वजदी म्हणाला ते स्वच्छ ऐकलं: "काहीही झालं तरी बाबांना कळता कामा नये."

बाहेर आला तर डोळे लाल. म्हणे, "पॉलिश पेपरची धूळ गेली." या मुलानं पॉलिश पेपर हातात धरला त्याला एक तप झालं. शोरूममध्ये बसतो आणि अत्तर लावतो.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"काही नाही. पित्ताशयात थोडी वाळू आहे."

वाळूसाठी कुणी तारीख विचारतं का?

यकृताची मला चिंता नाही, हे लिहून ठेवतो. काविळीचा तो व्हायरस सी होता, अर्ध्या गावाला होता. सरकारनं गोळ्या दिल्या, खाल्ल्या, तो गेला. दाखला शोरूममध्ये सोनेरी चौकटीत लावलाय. नंतर बरीच वर्षं इस्पितळातून फोन यायचे, दर सहा महिन्यांनी पोटाचा फोटो काढायला या. चोर घरातून गेला, आता रिकाम्या घराचे फोटो कशाला? नाही गेलो.

तेव्हा प्रकरण पोटाचं नाही. पाणी दुसरीकडे मुरतंय.

७ ऑक्टोबर

शुक्रवार. सगळे जेवायला. माझी मुलगी नश्वा रास-अल-बरहून नातवंडांना घेऊन आली. आल्या आल्या माझा हात हातात घेऊन बसली, सोडेना. ही शाळेत शिकवते. चाळीस पोरांना धाकात ठेवणारी बाई; हात धरून बसणाऱ्यातली नाही.

इन्साफनं, माझ्या बायकोनं, कांदा भरून बदक केलं होतं. वास जिन्यापर्यंत. सगळ्यांच्या ताटात बदक आणि माझ्या ताटात उकडलेला दुधी.

"हे काय?"

"पित्ताला तेलकट चालत नाही, हाजी," इन्साफ म्हणाली.

"मग यांच्या पित्ताला काय सोन्याचा वर्ख लावलाय?"

सगळे हसले. इथंच मी सावध झालो. नंतर मी त्या ख्रिस्ती कॉप्ट सुताराची गोष्ट सांगितली, पाळणा आधी करतो आणि नवरी नंतर शोधतो तो. ही गोष्ट मी वजदीच्या सुंतेपासून सांगतोय. तो कधी हसला नव्हता. आज हसला. खूप हसला. हसता हसता उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बसला.

ज्या दिवशी मुलगा बापाच्या जुन्या विनोदाला हसतो त्या दिवशी बापानं तिजोरीचं कुलूप तपासावं.

इन्साफ एकटी माझ्या बाजूची आहे. तिचं तोंड नेहमीसारखंच आंबट आहे, त्यावरून कळतं.

९ ऑक्टोबर

इन्साफनं मेंढा कापवून मांस गरिबांत वाटलं. ना सण, ना बारसं. विचारलं तर म्हणे, "स्वप्न पडलं होतं." बाई स्वप्नात सुद्धा खर्चिक.

११ ऑक्टोबर

आज उलगडा झाला.

फिक्रीचं दुकान माझ्यासमोर. तो माझ्या खुर्च्यांची नक्कल करतो आणि पाय माझ्याहून बारीक ठेवतो, म्हणून त्या लग्नात मोडतात. दुपारी कहवाखान्यावरून जात होतो तर आत हा फिक्री आणि माझा वजदी, डोक्याला डोकं लावून. मला बघताच वजदी उठला आणि मागच्या दारानं गेला. मी जाऊन त्याच्याच खुर्चीवर बसलो. खुर्ची गरम होती.

"काय शिजतंय?"

"काही नाही रे तुल्बा. चहा घेतोस? बिनसाखरेचा देऊ?"

"बिनसाखरेचं मयताच्या घरी देतात. माझं कुणी मेलंय?"

फिक्री हुक्क्याची नळी पुसत बसला. "तब्येतीला जप, एवढंच म्हणतो."

"तू माझ्या तब्येतीची चौकशी करतोस म्हणजे माझ्या दुकानाची करतोस. माझ्या पोराशी काय बोलत होतास?"

"माझ्या भावाचं विचारत होता. त्याला कुठं दाखवलं, काय औषधं दिली."

"तुझा भाऊ मेला."

"हो," फिक्री म्हणाला. "तेच विचारत होता. किती दिवस काढले म्हणून."

खोटं बोलायलाही अक्कल लागते. माझ्या पोराला मेलेल्या माणसाच्या औषधाशी काय करायचंय? मी म्हटलं, "फिक्री, माझी कार्यशाळा तुला मिळाली तर तिथंही तू तीन पायांच्या खुर्च्या करशील."

नेहमी तो असल्या बोलण्यावर उसळतो, माझ्या आईपर्यंत जातो. आज म्हणाला, "अल्लाह तुला बळ देवो." शिवीचं उत्तर दुवा! अरे, हा तर सौदा झालेला माणूस.

घरी येताना सगळ्या फळ्या जुळल्या. मागच्या वर्षी बाजाराच्या टोकाच्या पॉलिशवाल्याच्या मुलांनी तेच केलं होतं: बापाचं डोकं फिरलंय असं डॉक्टरचं पत्र आणलं, कोर्टात लावलं, आणि म्हातारा स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊ लागला. म्हणून ती तारीख. म्हणून ते हात पुढे करा. पोटाचं नावच होतं, तपासत होते डोकं!

मी या दुकानात भुसा झाडायला आलो तेव्हा मला रात्री झोपायलाही तोच भुसा होता. तिथून इथवर आलो. आणि अत्तर लावणारा मला वेडा ठरवणार.

१४ ऑक्टोबर

पुरावा मिळाला. नमाजानंतर वजदी बाल्कनीत फोनवर होता. मी आत पडद्यामागे, झोपल्यासारखा.

"डॉक्टर, सही मी केली तर? मी थोरला मुलगा आहे... त्यांची स्वतःचीच लागते? ... आणि त्यांना सगळं सांगितल्याशिवाय घेणारच नाही तुम्ही? असला कसला नियम? ... नाही हो, आमच्याकडे असं नाही सांगत. तुम्हीही इथलेच ना? तुमच्या बापाला तुम्ही सांगाल? ... कळतंय. उशीर झाला तर घेणार नाहीत, कळतंय मला. दोन दिवस द्या."

बघा. डॉक्टरला सुद्धा थोडी लाज आहे, म्हणतोय म्हाताऱ्याला सांगून सही घ्या. आणि माझं रक्त म्हणतंय न सांगता घ्या.

१५ ऑक्टोबर

कार्यशाळेची आणि शोरूमची कुलपं बदलली. वजदी सकाळी आला तेव्हा किल्ली लागेना. कारागीर बघत होते, मी मुद्दाम बघू दिलं.

"बाबा, हे काय?"

"आजपासून तू घरी बस. अत्तराचं दुकान काढ."

"माझं काय चुकलं?"

"ते तू सांग. पित्ताशयातल्या वाळूसाठी सही लागते का?"

त्याचा चेहरा लाकडाला पांढरा रंग मारावा तसा झाला. म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त माझ्यासोबत एकदा मन्सुऱ्याला चला. मग मला हाकला, मारा, काय करायचं ते करा."

"मन्सुऱ्याला मी मेल्यावर जाईन."

त्यानं भांडावं म्हणून मी आणखी चार शब्द बोललो. बायकोवरून बोललो. त्याला मुलगा नाही त्यावरून बोललो. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि ऐकत राहिला. निरपराध माणूस भांडतो. जो गप्प ऐकून घेतो तो चोर, हे बाजारात शेंबडं पोरही सांगेल.

तरी संध्याकाळी जेवण गेलं नाही. दुधीच होता म्हणा.

१८ ऑक्टोबर

नश्वा पुन्हा आली, सुट्टी नसताना. ती आणि वजदी स्वयंपाकघरात. मी दिवाणखान्यात टीव्ही मोठा करून ठेवला आणि कान तिकडे.

नश्वा: "सांगून टाक. ते लहान आहेत का? त्यांचा हक्क आहे."

वजदी: "सांगितलं तर त्याच दिवशी जातील. मोठ्या काकांचं बघितलंस ना? सकाळी कळलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठलेच नाहीत."

नश्वा: "आणि नाही सांगितलं तर? त्यांची सही नसली तर नवीन मिळणार नाही. दिवस चाललेत वजदी! त्यांचे डोळे बघितलेस, पिवळे पडत चाललेत."

वजदी: "मला ओरडू नकोस. मला शपथ घातली आहे."

"कुणी?"

तेवढ्यात इन्साफ आत गेली आणि भांडी आपटायला लागली. पुढचं बुडालं.

नवीन काय? नवीन कागद, दुसरं काय. आणि वजदीचं एक खरं आहे: दुकान गेल्याचं कळलं तर मी त्याच दिवशी जाईन. माझ्या भावाला विहिरीजवळची जमीन गेल्याचं कळलं होतं त्या सकाळी, म्हणून तो मेला. निदान घरात तेव्हा तसंच सांगितलं.

डोळ्यांचं म्हणाल तर खुर्च्यांना सोनेरी वर्ख लावतो, त्याची पूड उडते. आमच्याकडे सगळ्यांचेच डोळे पिवळे.

२० ऑक्टोबर

बूट घट्ट झालेत. नवे आहेत, आटले असतील. पट्ट्याला मात्र नवं भोक पाडावं लागलं, बाहेरच्या बाजूला. दुधी खाऊन माणूस जाड होतो हे मला माहीत नव्हतं. हात मात्र काटक्या.

वजदी रोज सकाळी येतो, समोरच्या फुटपाथवर बसतो, संध्याकाळी जातो. आज फिक्रीनं त्याला आपल्या दुकानातली खुर्ची नेऊन दिली. मी ओरडलो, "सांभाळ, मोडेल ती!" दोघंही हसले नाहीत.

२४ ऑक्टोबर

हे सावकाश लिहायचं आहे.

सकाळी कुणाला न सांगता निघालो, मिनीबसनं मन्सुऱ्याला. मनाशी ठरवून गेलो होतो: डॉक्टरला गाठायचं, आपलं डोकं शाबूत असल्याचं दाखवायचं आणि कटात कोण कोण आहे ते त्याच्याच तोंडून काढायचं. बंदरावरची जुनी युक्ती आहे. व्यापाऱ्यासमोर उभं राहून म्हणायचं, मला सगळं ठाऊक आहे, तू खरं बोलतोस का तेवढं बघायला आलोय. दहातले नऊ जण सगळं सांगून टाकतात.

डॉक्टर राउफ मला बघून उभा राहिला. "हाजी! एकटे आलात?"

"एकटा. आज चोवीस ऑक्टोबर, वार सोमवार. आणि मला सगळं ठाऊक आहे."

"सगळं?"

"सगळं. वजदीनं तोंड उघडलं. तू खरं बोलतोस का तेवढं बघायला आलोय."

तो खाली बसला. त्यानं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "अल्लाहचे आभार. हाजी, तुम्हाला कल्पना नाही, मी तीन आठवडे तुमच्या मुलाशी भांडतोय. नव्या औषधाच्या आमच्या अभ्यासाचा नियम आहे. ज्या माणसाला आपला आजार माहीत नाही त्याची सही आम्ही घेत नाही. तो म्हणाला मी करतो, मी म्हटलं नाही चालत. बरं झालं तुम्हाला सांगितलं."

मी मान डोलवली. भाव ऐकताना चेहरा हलवायचा नाही.

मग तो बोलायला लागला. त्यानं पडद्यावर माझं यकृत दाखवलं आणि त्यातला एक डाग, आणि त्या डागाची मुळी मोठ्या शिरेत शिरलेली. त्यानं शब्द उच्चारला. आमच्या घरात तो शब्द कुणी घेत नाही, 'तो वाईट आजार' म्हणतात आणि वर अल्लाहचं नाव घेतात. हा पोरगा कॅन्सर असं म्हणाला, जसं मी बिजागरी म्हणतो.

मी मान डोलवत राहिलो. काय करणार? 'मला सगळं ठाऊक आहे' म्हणून बसलो होतो.

एवढंच विचारलं, "व्हायरस तर गेला होता. दाखला आहे."

"व्हायरस गेला, हाजी. पण त्यानं यकृताचं जे करून ठेवलं ते राहिलं. वण राहिले. असल्या यकृतात हे उगवायचा धोका बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं असतो. म्हणूनच दर सहा महिन्यांनी बोलावत होतो. लहान असताना सापडलं असतं तर जाळून टाकता आलं असतं."

"मला नीट सांगितलं नाही कुणी."

"सांगितलं असणार," तो म्हणाला. "पण बरं झालेल्या माणसाला ऐकू येत नाही." मला. ऐकू येत नाही.

आग झाली अंगाची. त्याच्यावर, त्या गोळ्यांवर, त्या शाळेवर, जिथं कालव्यात पोहणाऱ्या आम्हा सगळ्या पोरांना रांगेत उभं करून कालव्यातल्या जंतांवरचं औषध एकाच सुईनं टोचत होते, व्हायरस शिरला तो तिथूनच, आणि आम्ही रडायचं नाही म्हणून शर्यत लावत होतो. ती शर्यत मी जिंकलो होतो.

मग त्यानं अभ्यासाचं सांगितलं. आता जे औषध देतात त्याच्या जोडीला एक नवीन. काही रुग्णांना जुनंच, काहींना जोडी. कोण जास्त काढतं ते बघायचं.

"मला कुठलं देणार?"

"ते संगणक ठरवतो. मी ठरवत नाही."

"चांगलं आहे. संगणक निदान माझा नातेवाईक नाही."

आज पहिल्यांदा हसला बिचारा. मी विचारलं, "बरा होईन?"

"बरं होण्याबद्दल मी बोलत नाहीये, हाजी. वेळेबद्दल बोलतोय. कदाचित आणखी एक उन्हाळा. कदाचित दोन."

मी त्याला विचारलं की मुलं सही घेणार होती ती याचीच का. कोर्टाची नाही? डोक्याची नाही?

"कसलं कोर्ट? तारीख आणि हात आम्ही यकृतासाठीच बघतो, ते बिघडलं की डोकं गुंगतं."

सही केली. माझी सही झोकदार आहे, स्वतः शिकलो. पुन्हा रक्त काढलं, पोट बघितलं, बोटानं वाजवलं. यावेळी मी विनोद केला नाही, ऐकत राहिलो. आवाज आणखी भरला होता. त्यालाही तो कळला, कारण तो म्हणाला, "एक अडचण आहे. यकृत निदान इतकं चालतं असायला हवं, पोटात पाणी इतकंच हवं, नाही तर नवीन औषध उलटतं. पहिल्या दिवशी तुम्ही त्यात बसत होतात. आता रक्ताचा आकडा बघावा लागेल. गुरुवारी दुपारी फोन करतो. मुलाच्या फोनवर करू?"

"माझ्या," म्हटलं.

मिनीबसमध्ये खिडकीशी बसलो. ड्रायव्हर शेजारच्याशी भांडत होता, मी कुणाची बाजू घेतली नाही.

२५ ऑक्टोबर

मला वाटलं होतं आता राग जाईल. कट नव्हता, दुकान जागेवर आहे, मुलगा चोर नाही. पण राग गेला नाही, मोठा झाला. चोरानं दुकान नेलं असतं तर नवीन उभं केलं असतं. यांनी माझं मरण माझ्याआधी वाटून घेतलं. एकानं रडणं घेतलं, एकीनं हात धरणं, एकीनं दुधी. मला काय ठेवलं? वाळू!

आणि फिक्रीला ठाऊक होतं. माझ्याआधी फिक्रीला!

गुरुवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. वजदीलाही. वेळ मी ठरवली आहे, फोनची.

२७ ऑक्टोबर

कार्यशाळा बंद ठेवली. इन्साफनं भाजलेला बोई मासा केला. मी सगळ्यांच्या आधी ताटात मोठा तुकडा घेतला, तिनं हात पुढे केला तर तिच्याकडे असं बघितलं की हात मागे गेला. वजदी दाराजवळच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखा. नश्वा पोरांना शेजारी ठेवून आली होती. तिला वास लागला होता.

दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "सोमवारी मी मन्सुऱ्याला जाऊन आलो. मला यकृताचा कॅन्सर आहे."

इन्साफनं कानांवर हात ठेवले. "नाव घेऊ नका! अल्लाह, माझ्या घरात नाव घेऊ नका!"

"माझ्या पोटात आहे तो तुझ्या घरात नाही होय? आज प्रत्येकानं नाव घ्यायचं. त्याशिवाय ताटावरून उठायचं नाही. नश्वा, तू."

नश्वानं शुद्धलेखन घालावं तसं एक एक अक्षर सुटं म्हटलं. मग ओढणी तोंडात धरली.

"वजदी."

"बाबा..."

"बापाचं नाव नाही विचारलं."

"मला नाही येत म्हणता."

"तीन आठवडे डॉक्टरशी काय हवापाण्याचं बोलत होतास? कुलपं मी बदलली, शिव्या मी दिल्या, फुटपाथवर तू बसलास. एकदा तरी उठून म्हणायचंस, म्हाताऱ्या, तुला हे झालंय, गप बस! मीच बाप राहिलो असतो तुझा. तू माझा बाप व्हायला निघालास!"

"मला शपथ होती," वजदी ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "आईनं शपथ घातली! दुधाची! पहिल्याच दिवशी, मी गाडीतून फोन केला तेव्हा! आणि तुम्ही मला पोरगा नाही म्हणून लोकांसमोर..." मग त्यानं तो शब्द म्हटला. माझ्या तोंडावर, दात ओठ खाऊन, दोनदा म्हटला.

मी इन्साफकडे बघितलं. माझ्या बाजूची एकटी.

"हो, घातली," ती म्हणाली. कानांवरचे हात काढले होते. "तुमच्या भावालाही हेच होतं, ते त्यांना कुणी सांगितलं ठाऊक आहे? मी. धाकटी होते, खरं बोलावं असं वाटायचं. जमिनीचं सोंग तुमच्या आईनं नंतर काढलं. मी सांगितलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आता पुन्हा मी एका माणसाला मारणार नव्हते. तुम्हाला राग आलाय, येऊ द्या. पण नाव मी घेणार नाही. जीभ छाटा."

"तुझ्यामुळे तीन आठवडे गेले."

"आणि तुमच्यामुळे?" तिनं माशाचा काटा बाजूला काढला. "मुलगा पाया पडत होता, चला म्हणून. तुम्ही कुलपं आणायला गेलात."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं, झोंबणारं उत्तर होतं. पण फोन वाजला.

टेबलाच्या मधोमध होता, मीच ठेवला होता. वजदीचा हात सवयीनं पुढे आला. मी तो हात बाजूला सारला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हाजी तुल्बा? मी राउफ." आवाज मऊ होता. सोमवारी असा नव्हता. "कसे आहात? जेवलात का?"

"आकडा सांग."

"हाजी, जवळ कुणी आहे का तुमच्या? वजदी आहे का? जरा फोन त्याच्याकडे देता?"

इन्साफ माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघितलं.

"वजदी इथंच आहे," मी म्हटलं. "सगळे इथं आहेत. तू मला सांग."

मग त्यानं सांगितलं, आकडा पुढे गेला, नवीन औषध मला मिळणार नाही, आणि त्याऐवजी काय देता येईल तेही. मी शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन वजदीकडे सरकवला, कारण त्याला पुष्कळ विचारायचं होतं आणि माझं विचारून झालं होतं.